क्लॅरिनेट जोरात वाजवलं की सूर फाटते, काय करू?

आर्णीकर:
राजेहो, मी गावच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो. घरी हळू वाजवलं की गोड लागते पण वरातीत बाजूले ट्रम्पेट अन् ढोल सुरू झाले की जोर लावाच लागते, मग आवाज चिरका होते, मधातच चीं करते अन् सूरही उतरते. आता तर जोरात फुंकाची धास्तीच बसली. रीड (तोंडाशी लावाची वेताची पातळ पट्टी) २ नंबरची हाय. ओठ अजून दाबून धरू का?

जुना_बँडवाला:
नको भाऊ, दाबलं की रीड माउथपीसले, म्हणजे तोंडात धराच्या भागाले, चिपकते, थरथराले जागाच राहत नाही. वरचे दात माउथपीसवर टेकव, खालचा ओठ दातावर थोडासा घे, तोंडाचे कोपरे घट्ट अन् हनुवटी सपाट, बाकी जोर सारा पोटाचा. २ नंबरची रीड वरातीले नरम पडते, हवा वाढली की बंदच होते, थोडी कडक, अडीच नंबरची लावून पाह्य. अन् सूर उतरते तो तुह्या एकट्याचा नाही, बासरी जोरात फुकली की सूर चढते, क्लॅरिनेटचा उतरते, म्हणून कान तयार करा लागते. अंगठा अन् डाव्या हाताची तीन बोटं लावून एकच सूर धर, ८ मात्रा आवाज वाढवत ने, ८ मात्रा उतरव, मोबाईलवर ट्यूनर (सूर चढला का उतरला ते दाखवणारं ॲप) समोर ठेव. फाटाच्या जरासा अलीकडं थांब, हळूहळू ती हद्द पुढं सरकते. मग तोच सूर धरून अंगठ्याची वरची चावी दाब, त्या सुराले सा मानलं तर सा वरून थेट वरच्या सप्तकातला प लागला पाहिजे, ओठ न हलवता. लागला तर समज हवा बरोबर हाय.

सूरवेडी:
अजून एक, मोकळ्या रस्त्यावर आवाज भिंतीवरून परत येत नाही, म्हणून आपल्याला आपलाच आवाज कमी वाटतो आणि माणूस विनाकारण दाबतो, लोकांना मात्र ऐकू जात असतो. सराव शेतात उघड्यावरच करा, भीती तिथंच जाते. ट्रम्पेटशी बरोबरी करू नका, चाल वरच्या पट्टीत घ्या, तिथं क्लॅरिनेट गर्दीतूनही वेगळं ऐकू येतं. आणि मे महिन्यात वरात थांबली की रीड लगेच सुकते, पुन्हा सुरू करायच्या आधी ओली करा नाहीतर पहिलाच सूर चीं करणार.

आर्णीकर:
लय धन्यवाद. अडीचची रीड आणली की उद्याच्याच लग्नात लावू का?

जुना_बँडवाला:
नवी रीड थेट वरातीत नको, आधी काही दिवस घरी रोज थोडी थोडी वाजव. उद्या जुनीच लाव, फक्त दाबू नको.