टांझानियाने स्वाहिली निवडली, मग बाकीच्या भाषांचं काय?

सह्याद्रीकर:
टांझानियात १२०हून अधिक भाषा आहेत. १९६७ नंतर सरकारी प्राथमिक शाळा फक्त स्वाहिलीतून चालू लागल्या. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे स्वतः झनाकी या छोट्या समाजातले, तरी त्यांच्याच राजवटीत घरच्या भाषांना शाळेत जागा उरली नाही. सुकुमा बोलणारे लाखो आहेत, पण वर्गात सुकुमा नाही आणि रेडिओवरही नाही. एयासी सरोवराजवळच्या हाद्झा लोकांची संख्या तर हजाराच्या आसपास. त्यांची भाषा कुणी टिकवायची? हा अन्याय आहे असं मला ठामपणे वाटतं.

रेवा_डी:
अजिबात पटलं नाही. स्वाहिली ही किनाऱ्यावरची भाषा, व्यापाऱ्यांबरोबर आतल्या मुलखात पोचली. वसाहतीच्या काळात जर्मनांनी कारभारात वापरली, पुढे न्येरेरेंच्या टानू पक्षाने गावोगाव सभा घेतल्या त्याही तिच्यातच. आतल्या कुठल्याही मोठ्या जमातीची ती नव्हती, म्हणून कुणाला कमीपणा वाटला नाही. शेजारी केनियात २००७च्या निवडणुकीनंतर जमातींच्या नावाने रक्त सांडलं. टांझानियाच्या मुख्य भूमीवर तसं का झालं नाही, याचा विचार करा.

सह्याद्रीकर:
रेवाताई, स्वाहिली केनियातही आहेच की! शांततेचं सगळं श्रेय भाषेला कसं देता? टांझानियात सुकुमा सर्वांत मोठे, पण बहुमतापासून खूप दूर. शिवाय एका भागातल्या मुलांना दुसऱ्या भागातल्या वसतिगृहात पाठवायचं, अधिकाऱ्यांच्या बदल्या लांब करायच्या, हे धोरण होतं. ते का विसरायचं?

दारेसलामवासी:
तुम्ही दोघं भांडताय, पण इथे राहून मला जे सलतं ते वेगळंच आहे. मूल सात वर्षं स्वाहिलीत शिकतं आणि माध्यमिकला गेलं की गणित, विज्ञान, इतिहास एकदम इंग्रजीत! शिक्षक समजावतात स्वाहिलीत, फळ्यावर लिहितात इंग्रजीत, मुलं ते पाठ करतात आणि पेपरात अडकतात. २०१५मध्ये जाहीर झालेल्या धोरणाने सर्व स्तरांवर स्वाहिलीला वाट मोकळी केली, पण माध्यमिक वर्गात इंग्रजीच राहिली. पैसेवाले पालक पहिलीपासूनच इंग्रजी माध्यमात घालतात. स्वाहिलीने सुकुमाला दाबलं म्हणता, पण स्वाहिलीलाच अजून सातवीच्या पुढे जाऊ दिलेलं नाही.

रेवा_डी:
तेच म्हणते. आधी स्वाहिली विद्यापीठापर्यंत न्या. म्वान्झासारख्या शहरात एका वर्गात किती घरांच्या किती भाषा असतील. त्यातली कुठली निवडणार?

सह्याद्रीकर:
शहरात स्वाहिली ठेवा, माझी हरकत नाही. मी शिन्यांगाकडच्या सुकुमा गावांबद्दल, मसाई वस्त्यांबद्दल बोलतोय. तिथे पहिलीच्या वर्गात बहुतेक सगळ्या मुलांची घरची भाषा एकच असते. पहिली तीन वर्षं ती बोलणारा शिक्षक द्या आणि सोबत स्वाहिली शिकवा. यात देश कुठे तुटतो, ते सांगा.