मदत हवी आहे: हाडातून कोलॅजन काढायला पंप बसवलाय, पण आम्ल कधी थांबवायचं?

नमस्कार मंडळी,

उत्खननातल्या हाडांतून कोलॅजन (हाडातलं प्रथिन) काढणं हे माझं काम. एकाच कोलॅजनवर रेडिओकार्बन कालमापन होतं आणि कार्बन-13, नायट्रोजन-15 ही मोजता येतात. म्हणजे माणूस कधी जगला आणि ज्वारी-बाजरीवर जगला की गहू-जवावर, दोन्हींचा अंदाज येतो.

आत्तापर्यंत सगळं हातानं: हाडातलं खनिज विरघळवायला अर्धा मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, सौम्य कॉस्टिक सोडा, पुन्हा आम्ल, मधेमधे शुद्ध पाणी. रविवारीही द्रव बदलायला यावं लागतं. ऑक्सफर्डची अर्धस्वयंचलित पद्धत 1989 मध्येच छापून आली होती. तयार यंत्राला निधी नाही, म्हणून पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत द्रव ढकलणारा), सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारी झडप) आणि आर्डुइनो (छोटा नियंत्रक) जोडून सहा नळ्यांची जोडणी केली.

नुसत्या पाण्यावर छान चालली. खऱ्या हाडावर अडली. हातानं करताना मी तुकडा चिमट्यानं दाबून बघते. रबरासारखा मऊ झाला की आम्ल काढते. टायमरला ते कळत नाही. एकाच सांगाड्याचा एक तुकडा 18 तासांत मऊ झाला, दुसऱ्याला चार दिवस लागले. आपल्या उष्ण हवेत कोलॅजन मुळातच कमी उरतं, आम्लात जास्त राहिलं तर तेही जातं. असा एक नमुना मी गमावला आहे आणि तो पुन्हा मिळणार नाही. शिवाय हाडातल्या कार्बोनेटचे बुडबुडे नळीत अडकतात.

पीएच मोजून शेवट ओळखता येईल का? नळीचं प्लॅस्टिक नमुन्यात उतरेल, ही भीतीही आहे. त्यातला कार्बन खनिज तेलातला, म्हणजे त्यात रेडिओकार्बन उरलेलाच नाही. 1 टक्का मिसळला तरी वय सुमारे 80 वर्षांनी वाढतं.

प्रतिसाद

पीएचवर विसंबू नका, आम्ल मुबलक असताना तो फारसा हलत नाही. विरघळणाऱ्या खनिजातलं कॅल्शियम बघा. बाहेर आलेला थोडा द्रव अमोनियानं उदासीन करून त्यात अमोनियम ऑक्झलेट घाला. पांढरा साका येत राहील तोवर आम्ल चालू ठेवा, यायचा थांबला की काढा. पॅथॉलॉजीत हाडाचे छेद घेण्याआधी हीच चाचणी करतात. प्रवाह खालून वर न्या, बुडबुडे आपोआप निघतील. रिले (पंप-व्हॉल्व्ह चालू-बंद करणारे स्विच) फ्यूम हूडच्या (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) बाहेर ठेवा, आम्लाच्या वाफेनं गंजतात.

आधी खाटकाकडचं बकऱ्याचं हाड आणि 50 हजार वर्षांहून जुनं हाड, दोन्ही हातानं आणि पंपानं करून बघा. पहिल्यात प्लॅस्टिकचा कार्बन उघडा पडेल, दुसऱ्यात आजचा. उत्खननातलं हाड तोवर लावू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार! ऑक्झलेट सोमवारीच करते. बकऱ्याचं हाड मिळेल, पण इतक्या जुन्या हाडाचा ग्रॅमभर तुकडा कुणाकडे आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.