मदतीच्या पिशवीवर इच्छुकाचा फोटो: पोटात दुखणाऱ्याचं उत्तर

सीनाकाठ
परवा मदतीच्या धाग्यावर वाळवेकरांनी आमच्या तालुक्यातल्या एका इच्छुकाचं कौतुक केलं. गड्याने जिल्हा परिषदेच्या प्रचाराला काढून ठेवलेला पैसा, फ्लेक्स-डीजे-जेवणावळींसकट, पूरग्रस्तांकडे वळवला म्हणे. इथवर ठीक. पण शेवटी लिहिलं, "पिशवीवर फोटो आहे म्हणून पोटात दुखणाऱ्यांनी आधी स्वतः एक पिशवी वाटून दाखवावी." तिथे डोकं फिरलं, कारण ती पिशवी माझ्या घरात आहे.

माढा तालुका, सीनेचा काठ. २०२५ च्या सप्टेंबरात वस्तीवर कमरेएवढं पाणी. सोयाबीन गेलं, कडब्याची गंज वाहून गेली, दोन शेरडं गेली. चौथ्या दिवशी टेम्पो आला. पाच किलो आटा, तांदूळ, डाळ, तेलाची पिशवी, साखर, चहापूड, मीठ, मेणबत्त्या. माल वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. पण पिशवीवर साहेब हात जोडून उभे, आट्यावर तेच, मेणबत्तीच्या पुड्यावरही तेच. आट्यावरचं स्टिकर नेमकं तारखेवर. आईने नखाने खरवडून तारीख बघितली.

राग फोटोचा नाहीच. वाटणाऱ्या पोराच्या हातात मतदार यादी होती. नाव विचारायचं, यादीत बोट फिरवायचं, टिक करायची, मग पिशवी. आमचा सालगडी परभणीकडचा, नाव तिकडच्या यादीत. त्याच्या खोपटात आमच्यापेक्षा जास्त पाणी, तीन लेकरं. "तुमचं नाय इथं," म्हणून पोरगं पुढच्या घराला गेलं. आईने आमच्यातला निम्मा आटा त्याच्या बायकोला दिला.

प्रचाराचा पैसा मदतीला वळवला म्हणता. कुठे वळवला? फ्लेक्स चौकात लावायचा तो आमच्या चुलीपाशी लावला.

वाळवेकर
सीनाकाठ भाऊ, ओळ माझीच आहे आणि मागे घेत नाही.

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर पाणी. आम्ही स्लॅबवर तीन दिवस, भावजय आठ महिन्यांच्या बाळासकट. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेल्याची बातमी आली आणि कुणी बोटीत पाय ठेवायला तयार होईना. तशात एका पक्षाची चार पोरं तराफ्यावरून दुधाच्या पावडरचा डबा घेऊन आली. डब्यावर फोटो होता. कुणाचा, ते आता आठवत पण नाही. तेव्हा सरकार कुठे होतं? सरकार जीआर काढत होतं, दोन दिवस घर पाण्यात असेल तरच मोफत दहा किलो गहू न् दहा किलो तांदूळ!

बिनफोटोची, निःस्वार्थ वगैरे मदत नंतर आली. ट्रक भरभरून जुने कपडे. नवरदेवाचा कोट, एकाच पायाचा बूट, हुक तुटलेली ब्लाउजं, विटक्या साड्या. शाळेच्या पटांगणात ढीग, वरून पाऊस. आधी गाळ काढला, मग ट्रॅक्टर लावून ते कपडे काढले. त्यापेक्षा फोटोवाला डबा बरा.

हिशेबनीस
दोघांनीही भावना बाजूला ठेवा जरा. उमेदवार कधीपासून उमेदवार होतो, ते बघा. विधानसभेचं घ्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७७: खर्चाचा हिशेब द्यायचा तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा. मर्यादा आता ४० लाख. त्याआधी तुम्ही गावजेवण घाला, काशीयात्रा काढा नाहीतर आटा वाटा, त्या हिशेबात एक रुपया दिसत नाही. कलम १२३ मध्ये लाच हा भ्रष्टाचार आहे, पण इच्छुक हा त्या अर्थाने उमेदवारच नसतो. २०१९ ला पूर ऑगस्टात, आचारसंहिता लागली २१ सप्टेंबरला. मधे मोकळं रान. सरकारी तांदळाच्या पाकिटांवर मुख्यमंत्री न् स्थानिक आमदारांचे फोटो निघाले ते तेव्हाच. यंदा धाराशिवकडच्या किटांवर उपमुख्यमंत्री आणि पालकमंत्री. पक्ष बदलतात, स्टिकर तेच.

आणि जिल्हा परिषदेला हा कायदा लागू नाही. तिथे १९६१ चा अधिनियम आणि राज्य निवडणूक आयोग. कुणीतरी चूक काढणारच, म्हणून आधीच सांगितलं.

पेठेतली
वाळवेकर, ट्रक कुठून आले ते लिहायचं राहिलं का? "पुण्याहून" म्हणा की. दर पुराला हेच ऐकतोय. मी स्वतः २०१९ मध्ये आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच दिवस कपडे निवडत बसले होते. फाटकं, डागाचं सगळं बाजूला काढलं. शिवाय ४० चादरी नव्या कोऱ्या, वर्गणी काढून घेतलेल्या. त्यावर कुणाचाही फोटो नव्हता आणि कुणी साधं "पोचलं" एवढंही कळवलं नाही.

वाळवेकर
ताई, पोचपावती कोण देणार? वहीपेन वाहून गेलं होतं. तुमच्या चादरी आल्या असतील, नाही म्हणत नाही. पण बाजूला काढलेले ते फाटके कपडे कुठे गेले? ते पण कुठल्यातरी ट्रकात चढलेच असणार, कारण आमच्या पटांगणात ते होते.

पेठेतली
हे अति झालं. म्हणजे नेता पिशवीवर थोबाड छापून मतं मागतो तो देवमाणूस, आणि रजा टाकून कपडे निवडणारी बाई कचरा पाठवणारी?

अलमट्टी ५१९.६०
मूळ प्रश्नाला कुणी हातच घालत नाही. पूर येतोच का? कर्नाटकात अलमट्टी धरणाचं पाणी ५१९.६० मीटरवर अडवतात आणि आता ५२४ वर न्यायचं घाटतंय. ते थांबवा, म्हणजे ना पिशवी लागेल ना कपडे.

हिशेबनीस
आलं अलमट्टी! साहेब, चर्चा सीनेची चालू आहे. सीना भीमेला मिळते. अलमट्टी कृष्णेवर. आणि कृष्णेच्या २०१९ च्या पुरापुरतंही पुराची कारणं शोधायला सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीवर खापर फोडलेलं नाही.

अलमट्टी ५१९.६०
समिती सरकारचीच. तुम्ही सांगलीत शेरीनाल्याच्या तोंडाशी राहा एक पावसाळा, मग समिती वाचून दाखवा.

वाशिष्ठी
कपड्यांचं निघालंच आहे तर. २२ जुलै २०२१, चिपळूण. आमच्या माडीच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. नंतर कपडे आले, भरपूर आले. पण बायकांना आतले कपडे लागतात, हे एकाही ट्रकवाल्याच्या डोक्यात आलं नव्हतं. ओल्या अंगावरचंच वाळवून तिसऱ्या दिवशी घालायचं. शेवटी कोल्हापूरच्या चार मुली एका पिकअपमधून मापाच्या वेगवेगळ्या पिशव्या करून घेऊन आल्या, सॅनिटरी पॅडसकट. पेठेतली ताई, तुम्ही निवडून पाठवलंत ते चांगलंच केलंत, पण "काय पाहिजे?" असा फोन कुणी केला होता का?

पेठेतली
फोन नव्हता केला. मान्य. लागत नव्हते फोन, हेही लिहा.

वाळवेकर
बघा, पक्षाचा माणूस गावातला असतो. त्याला न विचारता कळतं कुणाच्या घरी लेकरू आहे. माझा मुद्दा हाच होता.

सीनाकाठ
धागा कपड्यांचा नाही हो! आणि वाळवेकर, गावातल्या माणसाला कळतं म्हणता ना? मग सालगड्याची तीन लेकरं दिसली नाहीत का त्याला? दिसली. यादीत नव्हती. तुमच्या भावजयीचं मतदान माहेरच्या गावाला असतं आणि त्या पोरांनी डबा देण्याआधी विचारलं असतं, तर आज हे लिहिलं असतं का? एवढ्याचंच उत्तर द्या.

माजी कार्यकर्ता
दहा वर्षं हेच काम केलंय, पक्ष सांगत नाही. यादीचं खरं कारण ऐका. किटं असतात पाचशे, घरं बाराशे. ठरवायचं कुणीतरी. मग बूथ बघतात, मागच्या वेळी कुठे कमी पडलो ते बघतात. सीनाकाठच्या वस्तीवर टेम्पो आला, याचा अर्थ तिथे मतं कमी पडली होती. जिथे भरभरून पडतात तिथे टेम्पो जात नाही, ती घरची माणसं.

स्टिकर सगळ्यात आधी तयार होतं. तांदळाचा भाव ठरायच्या आधी छपाईवाला स्टिकरांचे गठ्ठे देऊन जातो. आणि आम्हा पोरांना नियम होता: प्रत्येक पिशवी देताना फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, मगच पेट्रोलची चिठ्ठी. एका आजीने डोक्यावरून पदर पुढे ओढून घेतला, तर मी तिला "आजी, जरा वर बघा" म्हणालो होतो. तिच्या घरात गुडघाभर गाळ. ते वाक्य अजून आठवतं. त्या निवडणुकीनंतर सोडलं.

"स्वतःचा प्रचाराचा पैसा" यावरही जाऊ नका. आमच्याकडे माल किराणा होलसेलवाल्याकडून उधारीवर उचलला होता. उमेदवार पडला. होलसेलवाला पुढे दोन वर्षं फेऱ्या मारत होता. मदत खरी कुणी केली? त्याने. त्याचा फोटो कुठेच नव्हता.

ऊसवाला
सगळी मदत शेवटी आमच्याच खिशातून. टनाला १५ रुपये कापणार म्हणे यंदा, दहा मुख्यमंत्री निधीला, पाच पूरग्रस्तांना. आणि पिशवीवर फोटो यांचा!

हिशेबनीस
ते शेतकऱ्याच्या बिलातून नाही, कारखान्याच्या नफ्यातून, असा खुलासा झाला आहे.

ऊसवाला
कारखान्याचा नफा काय आभाळातून पडतो का हिशेबनीस काका? ठीक आहे, माझ्या बिलातून नाही. काटा मारतात त्यातून घ्या.

वाळवेकर
सीनाकाठ, उत्तर देतो. नाही, नसतं लिहिलं. भावजयीचं नाव तेव्हा खरंच माहेरच्याच यादीत होतं, लग्नाला दीड वर्ष झालेलं. त्या पोरांनी विचारलं नाही, आमचं नशीब. यादी बघून वाटणं हलकटपणा आहे, घ्या, लिहून दिलं. पण फोटोवर मी अजून ठाम आहे. उद्या फोटो बंद केले तर तुमचा साहेब तोच पैसा डीजेला घालणार, आणि आटा पण नाही आणि मेणबत्ती पण नाही. सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज काढलंय, तुमच्या खात्यावर किती आले ते सांगा आधी.

सीनाकाठ
खात्यावरचं विचारू नका, ई-केवायसी चालू आहे.

आता मलाही एक लिहावं लागतंय, नाहीतर उद्या गावातलंच कुणी इथे येऊन लिहील. विहीर गाळाने भरली होती. गेल्या आठवड्यात त्याच इच्छुकाने वस्तीवर पाणी उपसायचं इंजिन पाठवलं. डिझेलसकट. यादी नाही, ग्रुपवर फोटो नाही. तीन दिवस आमच्याकडे होतं, मग सालगड्याच्या खोपटाभोवतीचं डबकंही त्याच इंजिनाने उपसलं. वापरलं. उपयोग झाला.

वाळवेकर
आँ? आणि हे आज सांगताय? वर एवढं मोठं पुराण लिहून?

सीनाकाठ
काल रात्री इंजिन परत द्यायला म्हणून ट्रॉलीत चढवत होतो. खालून टाकीला बघितलं. आहे तिथे स्टिकर. हात जोडलेलेच.