मदत हवी आहे: पीएचपीत दोन ॲरे जोडले की पिनकोड गायब (तातडीचं)

घाईघाई
दोन ॲरे (पिनकोड आणि त्याचा भाव अशा जोड्यांच्या याद्या) आहेत, जोडले की सगळं बिघडतं. भाव दिसतात, पण पिनकोड देऊन भाव मागितला की काही येत नाही. हाच कोड एसटीडी कोडांच्या यादीला लावलाय, तिथे बिनतक्रार चालतो. नंतर ५०-५० चे तुकडे करून कुरियरवाल्यांच्या एपीआयला (त्यांच्या सर्व्हरला थेट डेटा द्यायच्या सोयीला) पाठवायचे आहेत. उद्या सकाळी लाइव्ह जायचंय. "गुगल करा" सांगू नका, करून झालंय.

अर्धविराम
कोड कुठाय? जोडले म्हणजे कशाने? मर्ज, अधिक चिन्ह, की लूप? पीएचपी कुठली? एरर येत असेल तर शब्दशः द्या, "काही येत नाही" यावरून काय कळणार.

कॉमाकाकू
डेटा सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी तोडलेल्या फायलीतून) येत असणार. एक्सप्लोडने तोडलं की स्वल्पविरामानंतरची स्पेस तशीच राहते, मग ' ४१६४१६' आणि '४१६४१६' या दोन वेगळ्या की (मूल्य शोधायच्या खुणा) होतात. आधी ॲरे_मॅप लावून सगळ्यांना ट्रिम करा, म्हणजे कडेच्या स्पेस जातील. आणि रिकामी स्ट्रिंग (मजकूर) एक्सप्लोड केली तर रिकामा ॲरे मिळत नाही, एक रिकामी स्ट्रिंग असलेला ॲरे मिळतो. त्यामुळे काउंट (नोंदींची संख्या) १ येतो.

घाईघाई
काकू, सीएसव्ही नाही, पीएचपी फायलीतच ॲरे लिहिलेले आहेत. कोड साधाच आहे:

$दर = ॲरे_मर्ज($जुने, $नवे);
एको $दर['४११००१'];

नोटीस: अनडिफाइन्ड ऑफसेट: ४११००१

जुन्यात १८४० नोंदी, नव्यात ३१२. जोडल्यावर काउंट २१५२, म्हणजे काही हरवलेलं नाही. तरी सापडत नाही. पिनकोड कोट्समध्ये आहेत, म्हणजे स्ट्रिंगच आहेत. स्ट्रिंग की मर्जमध्ये टिकतात असं मॅन्युअलमध्येच लिहिलंय.

अर्धविराम
तुमच्या नोटिशीतच दोन उत्तरं आहेत. "अनडिफाइन्ड ऑफसेट" म्हणजे तुम्ही ८ च्या आधीच्या पीएचपीवर, बहुधा ७ वर आहात. ८ वर "अनडिफाइन्ड ॲरे की" असं येतं, आणि नोटीस नाही, वॉर्निंग येते. दुसरं, ७ मध्ये स्ट्रिंग की सापडली नाही तर "इंडेक्स" म्हणतो, पूर्णांक की सापडली नाही तर "ऑफसेट". तुम्ही कोट्स घातलेत, तरी तो ऑफसेट म्हणतोय. म्हणजे त्याच्या लेखी ती स्ट्रिंग नाहीच.

जुना_सर्व्हर
अर्धविराम बरोबर. स्ट्रिंगमध्ये निखळ दशमान पूर्णांक असेल, पुढे शून्य नाही, अधिक चिन्ह नाही, स्पेस नाही, तर पीएचपी ती की गुपचूप पूर्णांक करून ठेवते. कोट्सचा काही उपयोग नाही. भारतातला एकही पिनकोड शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे सगळेच्या सगळे पूर्णांक झाले. आणि ॲरे_मर्ज पूर्णांक की फेकून देतो, शून्यापासून नवे क्रमांक लावतो.

$जुने: ४११००१ ला ४५, ४१६४१६ ला ६०
$नवे: ४११००१ ला ५२, ४०३००१ ला ८५
मर्ज केल्यावर: ० ला ४५, १ ला ६०, २ ला ५२, ३ ला ८५

काउंट बरोबर येतो तो याचमुळे. खरं तर तिथेच संशय यायला हवा होता. पुण्याचा (४११००१) भाव दोन्हीकडे आहे, तर बेरीज पूर्ण कशी भरेल?

एसटीडी यादी का चालते तेही यातच आलं. ०२०, ०२२, ०२३३ यांच्या पुढे शून्य आहे, म्हणून त्या स्ट्रिंगच राहतात आणि मर्ज त्यांना हात लावत नाही. तुमचा कोड तिथे नशिबाने चालतोय.

(इथे सगळं उच्चाराप्रमाणे लिहिलंय. कोडात फंक्शनं आणि आकडे इंग्रजीतच टाका.)

घाईघाई
बापरे. मग जोडायचं कशाने?

डबलडॉलर
अधिक चिन्ह. $जुने + $नवे. की जशीच्या तशी राहते. विषय संपला.

जुना_सर्व्हर
संपला नाही. अधिक चिन्हात डावीकडचा जिंकतो. पुण्याचा नवा भाव ५२ आहे, तो टाकून जुने ४५ राहतील आणि एकही एरर येणार नाही. दरपत्रकात असली शांत चूक एररपेक्षा महाग पडते.

डबलडॉलर
मग उलटं लिहा, $नवे + $जुने. एवढं काय त्यात.

जुना_सर्व्हर
चालेल, पण क्रम बदलतो. नव्या नोंदी वर येतात, जुन्या खाली. ॲरे_रिप्लेस($जुने, $नवे) लिहिलं की उजवीकडचा जिंकतो, की टिकते आणि जुन्याचा क्रमही टिकतो: ४११००१ ला ५२, ४१६४१६ ला ६०, ४०३००१ ला ८५. शिवाय सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला हेतू कळतो. अधिक चिन्हात कोण जिंकतं हे दर वेळी आठवावं लागतं.

डबलडॉलर
ज्याला आठवत नाही त्याने पाटी लावावी. फॉलबॅक मूल्यांसाठी अधिक चिन्हच स्वच्छ: $आलेलं + $डिफॉल्ट.

जुना_सर्व्हर
डिफॉल्टसाठी सहमत. इथे डिफॉल्ट नाही, सुधारित दर आहेत.

पाटीपेन्सिल
ॲरे_कम्बाइन कुणी कसं सुचवलं नाही? दोन्हींच्या की ॲरे_कीज ने काढा, मर्ज करा. मूल्यं ॲरे_व्हॅल्यूज ने काढा, मर्ज करा. मग ॲरे_कम्बाइन(की, मूल्यं). पुन्हा आलेली की असली तर नंतरची जिंकते. हवं तेच मिळतं.

अर्धविराम
मिळतं, पण हा द्राविडी प्राणायाम झाला. सहा मधले ॲरे बनवून रिप्लेसच्या एका ओळीचं काम. कम्बाइन तेव्हा काढा जेव्हा की आणि मूल्यं मुळातच वेगळी येतात, उदा. शीर्षकाची ओळ आणि खालची डेटाची ओळ. तिथेही दोन्हींची संख्या जुळली पाहिजे. न जुळल्यास ७ मध्ये वॉर्निंग आणि फॉल्स, ८ मध्ये थेट व्हॅल्यूएरर. शेवटचा रकाना गाळलेली ओळ तिथे तोंडघशी पाडते.

टेबलफॅन
हे ॲरेत ठेवताच कशाला? मायएसक्यूएलमध्ये टेबल करा, पिनकोड कॅर ६, प्रायमरी की. इन्सर्टला "ऑन डुप्लिकेट की अपडेट" लावा. जोडणं-बिडणं काही नाही. एका प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये ६५,५३५ पेक्षा जास्त प्रश्नचिन्हं चालत नाहीत, तेवढं सांभाळा. तुमच्या २१५२ ओळींना दोन रकान्यांप्रमाणे ४३०४ लागतील, आरामात.

घाईघाई
टेबल नको, उद्या सकाळ आहे. ॲरे_रिप्लेस केलं. आता भाव येतोय. पण काउंट २०९७! ५५ नोंदी गेल्या!

अर्धविराम
गेल्या नाहीत. ते ५५ पिनकोड दोन्ही याद्यांत आहेत. काउंट(ॲरे_इंटरसेक्ट_की($जुने, $नवे)) छापून बघा. ५५ आलं तर हिशेब जुळला.

घाईघाई
५५. सॉरी. आता तुकडे. ॲरे_चंक($दर, ५०) केलं, तर प्रत्येक तुकड्यात परत ० ते ४९! हे काय चाललंय?

पाटीपेन्सिल
तिसरा पॅरामीटर ट्रू द्या. ॲरे_चंक($दर, ५०, ट्रू). तो न देता की सगळ्या पुसल्या जातात, स्ट्रिंग की सुद्धा. ॲरे_स्लाइसचं मात्र वेगळं: तिथे स्ट्रिंग की आपोआप टिकतात, फक्त पूर्णांक कीसाठी चौथा पॅरामीटर ट्रू लागतो. एकाच घरातल्या दोन भावांचे दोन स्वभाव. ४२ तुकडे होतील, शेवटचा ४७ चा.

अर्धविराम
घाई करू नका. एपीआयला काय हवंय ते यांनी सांगितलंच नाही अजून. ट्रू देऊन जेसन_एन्कोड केलं (एपीआयला पाठवायच्या जेसन मजकुरात बदललं) तर ऑब्जेक्ट निघेल, महिरपी कंसातला. ट्रू न देता केलं तर चौकोनी कंसातली यादी निघेल, पण नुसत्या भावांची. एपीआयचा नमुना दाखवा.

घाईघाई
चौकोनी कंस, आत प्रत्येक नोंद वेगळी, तिच्यात पिन आणि रेट. पिन स्ट्रिंग हवा असं लिहिलंय.

अर्धविराम
हे पहिल्याच पोस्टीत हवं होतं. मग ट्रू विसरा. आधी ओळी करा, मग तोडा:

$ओळी = [];
फॉरईच ($दर ॲज $पिन => $भाव) {
$ओळी[] = ['पिन' => (स्ट्रिंग) $पिन, 'रेट' => $भाव];
}
$तुकडे = ॲरे_चंक($ओळी, ५०);

आता पिन हे मूल्य आहे, की नाही, त्यामुळे चंकने क्रमांक बदलले तरी फरक पडत नाही. स्ट्रिंग कास्ट, म्हणजे $पिन च्या आधीचं (स्ट्रिंग), गाळू नका. फॉरईचमधून की पूर्णांक म्हणूनच बाहेर येते, आणि जेसनमध्ये कोट्सशिवाय जाते. याच कारणाने लूपमध्ये $पिन === '४११००१' अशी तुलना कधीच खरी ठरत नाही.

नोडवाला
आणि ऑब्जेक्ट पाठवलं असतं तर जावास्क्रिप्टमध्ये क्रमही गेला असता. पूर्णांकासारख्या की तिथे नेहमी चढत्या क्रमाने लागतात, तुम्ही कशाही पाठवा. ४०३००१ आपोआप ४११००१ च्या आधी येणार.

टेबलफॅन
टेबलमध्ये ऑर्डर बाय लिहिलं की...

अर्धविराम
टेबल नाहीये त्यांच्याकडे.

लारावेलप्रेमी
लारावेलचं (पीएचपीच्या एका फ्रेमवर्कचं) कलेक्शन वापरा, या कटकटी नाहीत. मर्ज, चंक सगळं तयार.

जुना_सर्व्हर
कटकट तीच, वेष्टन वेगळं. कलेक्शनचं मर्ज आतून ॲरे_मर्जच आहे, पिनकोड तिथेही उडतात. तिथे रिप्लेस घ्यायचं, किंवा युनियन, जे म्हणजे अधिक चिन्ह. चंक मात्र कलेक्शनमध्ये की जपतो, म्हणजे पीएचपीच्या बरोबर उलट. वरच्या $ओळी तिथे तोडून जेसन करताना व्हॅल्यूज न लावल्यास पहिला तुकडा यादी आणि दुसऱ्यापासून पुढे ऑब्जेक्ट, कारण दुसऱ्याच्या की ५० पासून सुरू होतात.

घाईघाई
पाठवलं, चाललं. ४२ उत्तरं परत येतात, प्रत्येकात पिनकोड की आणि स्थिती. ती एकत्र करायला लूपमध्ये ॲरे_मर्ज करतोय, आणि परत ० १ २.

डबलडॉलर
अहो! वर काय झालं इतका वेळ?

जुना_सर्व्हर
$सर्व = ॲरे_रिप्लेस([], ...$उत्तरं);

पुढचा रिकामा ॲरे मुद्दाम आहे. एकही उत्तर आलं नाही तरी रिप्लेसला किमान एक आर्ग्युमेंट मिळतं. $उत्तरं च्या स्वतःच्या की ०, १, २ असू द्या. स्ट्रिंग असतील तर ७ मध्ये तीन टिंबांनी उलगडत नाहीत, आणि ८ मध्ये नेम्ड आर्ग्युमेंट समजून एरर येतो. शंका असेल तर ॲरे_व्हॅल्यूज($उत्तरं). लूपमध्ये दर वेळी मर्ज केलं की आधीचा सगळा ॲरे पुन्हा कॉपी होतो. ती सवय सोडा.

डबलडॉलर
४२ वेळा, २०९७ नोंदी. कॉपी झाली तरी डोळ्याला दिसणार नाही. उगाच घाबरवू नका.

जुना_सर्व्हर
इथे नाही दिसणार. हाच लूप उद्या १० लाख ओळींवर चिकटवला जातो, तिथे दिसतो. लूपच हवा असेल तर आत दुसरा फॉरईच घालून $सर्व[$पिन] = $स्थिती लिहा. मर्जही नको, कॉपीही नको.

तिरकीमात्रा
अवांतर: व्हेरिएबलांची नावं खरंच देवनागरीत चालतात का, की तुम्ही समजावण्यापुरती लिहिताय?

पाटीपेन्सिल
चालतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह हवी. पण पीएचपी अक्षरं नाही, बाइट जुळवते. "ॲरे" एका अक्षरचिन्हाने टाइप केलं आणि दुसरीकडे अ वर चंद्र देऊन टाइप केलं, तर दिसायला सारखी, पण दोन वेगळी व्हेरिएबलं होतात. ती चूक शोधताना दिवस जाईल. देवनागरी आकड्यांची की सुद्धा पूर्णांक होत नाही, स्ट्रिंगच राहते.

डबलडॉलर
म्हणजे पिनकोड देवनागरीत लिहिले असते तर मर्ज चाललं असतं :)

टेबलफॅन
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

घाईघाई
लाइव्ह गेलं, सगळ्यांचे आभार. पण आता एसटीडी यादी बिघडली! त्या कोडाला मी हातही लावला नाही. ०२० मागितलं तर अनडिफाइन्ड इंडेक्स.

अर्धविराम
"इंडेक्स" म्हणतोय, म्हणजे ०२० तर स्ट्रिंगच आहे. यादीत ती की नाही. व्हर_डंप करून (ॲरे आहे तसा छापून) बघा, आणि यादी कुठून आली तेही सांगा.

घाईघाई
व्हर_डंपमध्ये ०, १, २ दिसतंय. यादी ऑफिसातून काल नवी आली, एक्सेल फाइल. मी तिचा ॲरे करून टाकला. हे सांगायला हवं होतं का?

कॉमाकाकू
एक्सेलने पुढची शून्यं खाल्ली! ०२० चा २० झाला, ०२३३ चा २३३. मग पीएचपीने त्यांना पूर्णांक केलं आणि मर्जने क्रमांक बदलले. म्हटलं होतं ना, डेटा कुठून येतो ते आधी बघा.

अर्धविराम
काकूंना +१. एक्सेलमध्ये तो रकाना भरण्याआधीच टेक्स्ट करून घ्यायला सांगा. शून्य गेल्यावर फॉरमॅट बदलून ते परत येत नाही. आत्तापुरतं यादी वाचताना '०' . $कोड असं करा. स्ट्र_पॅड (ठरावीक लांबी होईपर्यंत शून्यं भरणारं) नको, कारण कोडांची लांबी सारखी नसते. पुण्याला तीन आकडे, सांगलीला चार. आणि तिथलाही मर्ज काढून रिप्लेस टाका.

घाईघाई
टाकलं. ०२० परत आला.

तिरकीमात्रा
याच ॲरेतली गावांची नावं मराठी वर्णानुक्रमे लावायची असतील तर? एसॉर्टने ज्ञ आणि क्ष भलतीकडेच जातात.

पाटीपेन्सिल
इंटल एक्स्टेंशनमधला कोलेटर (भाषेनुसार क्रम लावणारा), एमआर_आयएन लोकेल देऊन. त्याचं स्वतःचं एसॉर्ट आहे, की टिकतात. बाकी नवा धागा काढा.