अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष पाठांतराशिवाय कसे शिकवावेत?

प्रश्न: नऊ-दहा वर्षांची २५ मुलं आहेत. राष्ट्राध्यक्षांची यादी घोकून घेतली की दोन दिवसांत विसरतात. हातांनी करण्यासारखं काही सुचवा. निवडणुकीची पद्धतही दाखवायची आहे.

प्रतिसाद १: भिंतीवर कालपट्टी लावा. १७८९ पासून, एका वर्षाला ३ सेंमी. साधारण ७ मीटर कागद लागतो. ५ सेंमी धरलेत तर पट्टी १२ मीटरपर्यंत जाते, वर्गात मावत नाही. कार्डाची रुंदी कार्यकाळाएवढीच कापायची. फ्रँकलिन रूझवेल्ट (१९३३–४५) ३६ सेंमी. विल्यम हेन्री हॅरिसन (१८४१) जेमतेम महिनाभर, म्हणजे अडीच मिलिमीटर! त्यांचं नाव बाण काढून बाजूला लिहा. क्लीव्हलँड आणि ट्रम्प मध्ये खंड पडून दोनदा अध्यक्ष झाले, त्यांची प्रत्येकी दोन कार्डं करा, नाहीतर क्रमांक जुळत नाहीत.

प्रतिसाद २: निवडणुकीसाठी पाच-पाच मुलांची पाच राज्यं करा. राज्य जिंकेल त्याला तिथली सगळी ५ मतं (मेन आणि नेब्रास्का सोडून खरंही असंच चालतं). मतपत्रिका आधीच भरून वाटा: 'अ'ला तीन राज्यांत ३-२ अशी आघाडी, उरलेल्या दोन राज्यांत शून्य. मुलांची मतं 'अ'ला ९, 'ब'ला १६. तरी 'अ' १५-१० ने जिंकतो. मोकळं मतदान घेतलंत तर मुलं मित्राकडे बघून मत देतात आणि मुद्दाच निसटतो. मग २००० आणि २०१६ चे निकाल दाखवा, तेव्हाही लोकांची कमी मतं मिळालेला उमेदवार जिंकला होता. प्रत्यक्षात राज्यांना वाटून दिलेल्या अशा (इलेक्टोरल) ५३८ मतांपैकी २७० लागतात.

प्रश्नकर्ता: उमेदवारांना खरी नावं द्यावीत का?

प्रतिसाद २: नको. लाल-निळा हे रंगही टाळा, ते तिथल्या पक्षांचे आहेत. पिवळा आणि जांभळा चालेल.