पहिली स्टिरिओ सिस्टीम: बजेट मर्यादित आहे, जुना अ‍ॅम्प घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आजवर फोन आणि एका ब्लूटूथ स्पीकरवर माझं भागत होतं. दोन महिन्यांपूर्वी एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांच्याकडे स्टँडवर दोन बुकशेल्फ स्पीकर, दिसायला अगदी साधी खोकी. गाणं लागलं आणि गाणारी बाई दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, जिथे नुसती भिंत होती तिथे, बसून गाते आहे असं वाटलं. तानपुरा तिच्या मागे, तबला जरा उजवीकडे. मी उठून त्या रिकाम्या जागेपाशी जाऊन पाहून आलो. घरी येऊन तेच ध्वनिमुद्रण लावलं तर सगळे एका डबीत कोंबल्यासारखे. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

खोली ४ मीटर बाय ३ मीटर. ऐकायची खुर्ची स्पीकरांपासून २ मीटरवर येईल. गायन आणि वाद्यसंगीत जास्त, आवाज मध्यम. शेजाऱ्यांच्या भिंती हादरवायच्या नाहीत, पण डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याची जवारी नीट कळली पाहिजे.

बजेटचे १०० भाग केले तर ६० स्पीकरांना, ३० अ‍ॅम्पला (सिग्नल मोठा करून स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि उरलेले १० स्टँड व वायरींना असं ठरवलं आहे. वाचून आणि थोडंफार ऐकून माझं मत झालंय की फरक कळतो तो स्पीकरचा आणि खोलीचा, बाकी सगळं त्यानंतर. घरात एक जुना चालू सीडी प्लेयर आहे, त्यामुळे वेगळा डॅक (डिजिटल सिग्नलचं ऐकण्याजोग्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) आत्ता घेत नाही. सीडीचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ १९८२ पासून चालत आलेत, माझ्या कानांना ते पुरून उरतात. सबवूफरही (फक्त बेससाठीचा वेगळा स्पीकर) नको, आधी दोन स्पीकर नीट बसू देत.

आता अडलंय कुठे ते सांगतो.

वॅटचा घोळ सुटत नाही. छोट्या क्लास डी (आटोपशीर, कमी तापणाऱ्या प्रकारच्या) अ‍ॅम्पच्या खोक्यावर १०० वॅट छापलेले असतात आणि खाली बारीक अक्षरात ४ ओहम (स्पीकरचा विद्युतरोध), १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातला बिघाड). माझे स्पीकर ८ ओहमचे असतील. म्हणून मीच हिशोब मांडला: ८६ डीबी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८६ डीबी देतो. २ मीटरवर ६ डीबी कमी, राहिले ८०. दोन स्पीकर मिळून ३ डीबी परत आले, ८३. पुढे दर ३ डीबीला वॅट दुप्पट, म्हणजे १६ वॅटला ९५ डीबी. मी ऐकतो ७५ च्या आसपास, तबल्याची थाप त्याच्या १५-२० डीबी वर जाईल असं धरलं. मग खरे ४० वॅट मला भरपूर झाले ना? की कुठे चुकतोय?

दुसरं, एक जुना इंटिग्रेटेड अ‍ॅम्प पाहून आलो. ८ ओहमला ४० वॅट, जड, बटणं घट्ट, बघताच आवडला. पण आवाज बारीक असताना डावा चॅनेल मधेच गायब होतो आणि व्हॉल्यूम एकदम वाढवला की परत येतो. विकणारे म्हणतात, नॉबमध्ये धूळ आहे, साफ केली की झालं. विश्वास ठेवावा का?

तिसरं, स्पीकर भिंतीपासून फार तर २० सेंटीमीटर पुढे येतील. पोर्ट (खोक्याला ठेवलेलं हवेचं भोक) पुढच्या बाजूला असलेलेच घ्या, मागे पोर्ट असला तर बेस घुमतो, असं सगळीकडे वाचतोय. खरं आहे का?

जाणकारांनी कृपया सांगावं. वर्षभर साठवून जमवलेले पैसे आहेत, घाई अजिबात नाही.

प्रतिसाद:

हिशोब बरोबर आहे. खोलीच्या भिंतींकडून थोडी भर पडते, ती तुम्ही धरलीच नाही, म्हणजे हात राखूनच मांडलाय. खोक्यावरच्या त्या १०० वॅटचं म्हणाल तर ८ ओहमवर, कमी डिस्टॉर्शनला मोजले की ते निम्म्याच्याही खाली येतात. तरी तुमच्या खोलीला पुरतील. सेन्सिटिव्हिटीकडे मात्र नीट पाहा. ८३ डीबीचा स्पीकर घेतलात तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतील.

जुन्या अ‍ॅम्पबद्दल. नॉब फिरवताना खरखर येते आणि फिरवणं थांबलं की थांबते, ती धूळ. ती कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. तुम्ही सांगताय ते वेगळं आहे. बारीक आवाजाला चॅनेल जातो आणि मोठा केला की येतो, हे बहुतेक वेळा स्पीकर रिलेचं (आतून स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचचं) लक्षण. संपर्कबिंदूंवर थर चढतो, कमी प्रवाह त्यातून जात नाही, जास्त झाला की वाट काढतो. रिले बदलणं हे तंत्रज्ञाचं छोटंसं काम आहे. पण घेण्याआधी एक कराच: स्पीकर काढून अ‍ॅम्प १०-१५ मिनिटं चालू ठेवा, व्हॉल्यूम शून्य, आणि मल्टिमीटरने दोन्ही स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. खूप जास्त असेल तर सोडून द्या, तुमचे नवे वूफर (खालचे सूर वाजवणारे मोठे पडदे) त्याच्या हवाली करू नका.

पोर्टचं वाचलंत ते अर्धं खरं. खालचे सूर स्पीकरभोवती सगळीकडे पसरतात, त्यामुळे भिंत जवळ असली की पोर्ट पुढे असो वा मागे, बेस वाढतोच. मागच्या पोर्टला श्वास घ्यायला थोडी जागा हवी एवढंच, २० सेंटीमीटर चालतील. फार घुमलं तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घाला. तुमच्या खोलीत ४ मीटरच्या लांबीमुळे ४३ हर्ट्झच्या आसपास आणि ३ मीटरच्या रुंदीमुळे ५७ च्या आसपास बेसला फुगवटा येणार. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवलीत तर तो सगळ्यात जास्त जाणवेल. अर्धा मीटर पुढे ओढा. खुर्ची आणि दोन्ही स्पीकर यांचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला. याला पैसे पडत नाहीत आणि महागड्या वायरीपेक्षा फरक कितीतरी जास्त पडतो.

धागाकर्ता:

मनापासून आभार. त्याच स्नेह्यांनी त्यांचे स्पीकर आणि अ‍ॅम्प दोन दिवसांसाठी दिले, म्हणून खोलीत लावून पाहिलं. पहिल्या संध्याकाळी अगदी हिरमोड झाला. डग्गा गेलेला, आवाज मधे न येता डोक्याच्या दोन्ही बाजूंना लोंबकळतोय. खुर्ची हलवून पाहिली, स्पीकर वळवून पाहिले, काही उपयोग नाही. शेवटी टॉर्च घेऊन मागे वाकलो तर उजव्या स्पीकरची लाल वायर काळ्या टर्मिनलला. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. वायर बदलली आणि बाई पुन्हा मधोमध येऊन बसली. खुर्ची पुढे ओढल्यावर घुमणंही बरंच कमी झालं.

वायर मी साधी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची घेतोय. ३ मीटरला जाऊन-येऊन ०.०७ ओहम भरतो, ८ ओहमपुढे काहीच नाही. त्यातले वाचलेले स्टँडला.

प्रतिसाद:

वायरीवर खुणा नसतील तर १.५ व्होल्टचा सेल घ्या. सेलचा प्लस स्पीकरच्या लाल टर्मिनलकडे जाणाऱ्या तारेला, मायनस दुसरीला, क्षणभरच टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर. स्पीकरही जुने घेणार असाल तर पडद्याभोवतीचा फोम बोटाने हलकेच तपासा. वर्षानुवर्षांनी तो चुरा होऊन हातात येतो. रबराचा असेल तर सहसा ती काळजी नसते.

धागाकर्ता:

स्पीकर नवेच घेतोय, ८७ डीबीचे, मागे पोर्ट असलेले. अ‍ॅम्प आज पुन्हा पाहून आलो, मल्टिमीटर सोबत नेला होता. १५ मिनिटांनंतर डावीकडे १८ मिलिव्होल्ट, उजवीकडे २२. रिलेचं त्यांना समजावून सांगितलं, त्यांनी दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा केला. अ‍ॅम्प घेतला. रिले या आठवड्यात बदलून होईल.