पीसीओएस असताना थेट आयव्हीएफकडे वळावे का?

प्रश्न :
माझे वय ३३ आहे आणि आम्ही गेले १४ महिने मूल होण्यासाठी प्रयत्न करत आहोत. मला पीसीओएस (संप्रेरकांच्या असंतुलनामुळे अंडाशयाच्या कामात होणारा बिघाड) असून पाळी ४० ते ४५ दिवसांनी येते. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन सामान्य आहेत, एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.८ आले आहे, आणि पाळीच्या २१व्या दिवशी केलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीवरून स्त्रीबीज तयारच होत नाही, असे मला सांगण्यात आले. पतीची वीर्यतपासणी आणि माझ्या गर्भनलिकांची तपासणी अजून झालेली नाही. तरीही वेळ न दवडता आयव्हीएफ (शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याची ‘टेस्ट ट्यूब बेबी’ पद्धत) करून घ्यावे, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. आधीचे टप्पे वगळणे योग्य ठरेल का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ :
ताई, मीही पीसीओएसमधून गेले आहे, म्हणून आधी त्या २१व्या दिवसाबद्दल सांगते. हा दिवस २८ दिवसांच्या पाळीसाठी ठरलेला आहे, कारण स्त्रीबीज फुटल्यावर साधारण सात दिवसांनी प्रोजेस्टेरॉन सर्वांत वर असते. तुमची पाळी ४५ दिवसांनी येत असेल तर ही तपासणी ३८व्या दिवसाच्या आसपास व्हायला हवी होती. २१व्या दिवशी ते कमी येणारच. पाळी लांबते म्हणजे स्त्रीबीज क्वचितच फुटत असणार हे खरे, पण ‘तयारच होत नाही’ हा निष्कर्ष त्या एका आकड्यावरून काढता येत नाही. एएमएचही पीसीओएसमध्ये जास्तच येते. त्यावरून बीजांचा साठा भरपूर आहे एवढे कळते. ती फुटतात की नाही, हे कळत नाही.

पीसीओएसमध्ये इतर दोष नसेल तर पहिला उपाय बहुधा लेट्रोझोलच्या गोळ्यांचा असतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांच्या अभ्यासात क्लोमिफेन हे त्याच कामाचे जुने औषध घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले, तर लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना. गोळीच्या पाकिटातल्या कागदावर स्तनाच्या कर्करोगाचे औषध असे वाचून मी तो कागद हातात धरून बराच वेळ सुन्न बसून राहिले होते. नंतर डॉक्टरांनी समजावले की ही गोळी काही दिवस इस्ट्रोजेन कमी करते, त्यामुळे मेंदूकडून अंडाशयाला बीज वाढवण्याचा संदेश अधिक जोराने जातो, आणि म्हणूनच ती पाळीच्या सुरुवातीला फक्त पाच दिवस द्यायची असते. पहिल्या महिन्यात २.५ मिलिग्रॅमने काहीच वाढले नाही. दुसऱ्या महिन्यात ५ मिलिग्रॅमवर १२व्या दिवशी सोनोग्राफीत १४ मिलिमीटरचे एकच फॉलिकल (बीज वाढते ती पिशवी) दिसले आणि १४व्या दिवशी ते १८ झाले. त्या पडद्यावरचा काळा गोल मला अजून आठवतो. तिसऱ्या महिन्यात मला दिवस राहिले. प्रत्येकीला इतक्या लवकर यश येईल असे मी म्हणणार नाही, परंतु ३३व्या वर्षी हा मार्ग न अजमावता सोडून देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर २ :
पतीची तपासणी आधी करून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझी पत्नी सात महिने गोळ्या घेत होती, दर महिन्याला सोनोग्राफीसाठी रजा काढत होती, आणि त्या काळात मला कोणीही तपासले नाही. शेवटी वीर्यतपासणी झाली तेव्हा संख्या मिलिलिटरला जेमतेम २० लाख निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख दिली आहे. शुक्राणू तयार होण्यास अडीच-तीन महिने लागत असल्याने आम्ही तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा केली आणि मग इक्सी, म्हणजे एकेका स्त्रीबीजात एकच शुक्राणू सोडण्याची पद्धत, निवडली. या तपासणीसाठी फक्त दोन ते सात दिवसांचा संयम लागतो. ती मागे ठेवण्याला कोणतेही कारण नाही.

उत्तर ३ :
मी थोडे वेगळे मत मांडते. ३८व्या वर्षी, नलिका न तपासता, माझे चार वेळा आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणे) झाले. नंतर एचएसजीमध्ये, म्हणजे नलिकांच्या एक्स-रे तपासणीत, दोन्ही नलिका बंद असल्याचे दिसले, म्हणजे ते चारही प्रयत्न मुळातच व्यर्थ होते. माझ्यासाठी आयव्हीएफ हाच योग्य मार्ग होता आणि तो मला उशिरा मिळाला. पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच तपासण्या सुरू कराव्यात असे सांगतात, ते याचसाठी. तुमच्याही नलिका बंद असल्या तर गोळ्यांत वेळ घालवू नका. मात्र आयव्हीएफ करायचे ठरले, तर अंडाशय अतिउत्तेजित होण्याचा धोका पीसीओएसमध्ये अधिक असतो, तेव्हा इंजेक्शनचे प्रमाण कमी ठेवणार का आणि गरज पडल्यास सर्व भ्रूण गोठवून हस्तांतर पुढच्या पाळीत करणार का, हे आधीच विचारून घ्या.

प्रश्नकर्ती :
आपल्या सर्वांची मी मनापासून आभारी आहे. प्रोजेस्टेरॉनच्या दिवसाबद्दल मला आजवर कोणीही सांगितले नव्हते. पतींनी या आठवड्यातच वीर्यतपासणी करून घेण्याचे मान्य केले आहे, आणि पुढची पाळी थांबल्यावर, स्त्रीबीज फुटण्याआधी, एचएसजी करून घेईन. दोन्ही अहवाल हातात आल्यावरच डॉक्टरांशी आयव्हीएफबद्दल बोलेन. ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड मी आजपासून सुरू केले आहे.